ही वही कोणाची?

अकरावी वाणिज्यला गेल्यावर मालमत्ता आणि देणी यांच्या याद्या पाठ कराव्या लागतात. इमारत, यंत्रे, रोकड ही मालमत्ता. कर्ज, धनको ही देणी. पाठांतराने गुण मिळतात, समज येतेच असे नाही. माझ्या मते यादीच्या आधी एक प्रश्न शिकवावा : ही वही कोणाची?

आपल्या रिंगरोडच्या कापड मार्केटचेच उदाहरण घ्या. व्यापाऱ्याने ५०,००० रुपयांच्या साड्या उधारीवर दिल्या. त्याच्या वहीत हे येणे, म्हणजे मालमत्ता. घेणाऱ्याच्या वहीत तेच देणे. रक्कम एक, बाजू दोन.

पालकांनी बँकेकडेही असेच पाहावे. मुदत ठेव ही आपली मालमत्ता, पण बँकेचे ते देणे. बँकेची मोठी मालमत्ता म्हणजे तिने वाटलेली कर्जे. २००१ साली अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेची शेअर दलालांना दिलेली मोठी कर्जे थकली आणि ठेवीदारांच्या रांगा लागल्या. तिच्याकडे ठेवी ठेवणाऱ्या गुजरातमधील इतर सहकारी बँकाही अडचणीत आल्या. २०१२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. कर्जदाराने फेडले नाही, तर कागदावरची मालमत्ता कागदावरच राहते. ठेवींवरील विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख रुपये होती; ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली.

संस्थेच्या हिशेबालाही हेच लागू आहे. पुढील वर्षाची फी मार्चमध्ये जमा झाली, तर रोकड वाढते आणि देणेही तेवढेच वाढते, कारण शिकवायचे अजून बाकी आहे. ग्रंथालयासाठी आलेली देणगी रंगकामाला वापरता येत नाही. तिजोरीतला प्रत्येक रुपया खर्चाला मोकळा नसतो.

म्हणून विश्वस्त मंडळाला नम्र सूचना : शाळेचा तपासलेला ताळेबंद दरवर्षी या अंकात छापावा आणि नववी-दहावीच्या वर्गात शिक्षकांनी तो मुलांसह वाचावा. ‘हिशेब हे मोठ्यांचे काम’ असे कोणी म्हणेल. पण हीच मुले उद्या कोणाच्या तरी कर्जाला जामीन राहतील. जामीनदाराची सही आज कोणत्याही रकान्यात दिसत नाही. कर्ज थकले की ती देणे होऊन दारात उभी राहते. सही करण्यापूर्वी विचार करण्याची सवय शाळेतच लागलेली बरी.