ग्रंथाला उत्तर ग्रंथानेच!

महाराष्ट्र शासनाने १९८७ साली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले ‘रिडल्स इन हिंदुइझम’ त्यातून प्रथमच वाचकांपुढे आले. परिशिष्टात राम व कृष्ण यांची चिकित्सा होती. लगेच काहींच्या भावना दुखावल्या, अमरावतीत खंडाची होळी झाली आणि शासन ते परिशिष्ट वगळण्यास तयार झाले! ज्या महामानवाने घटनेत अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य शब्दबद्ध केले, त्याच्याच शब्दांना कात्री? फेब्रुवारी १९८८ मध्ये लाखोंचा भीमसागर मुंबईच्या रस्त्यांवर उतरला, तेव्हा कोठे परिशिष्ट राहिले. सोबत शासन या मतांशी सहमत नसल्याची टीप आली. त्या टिपेबद्दल आमची तक्रार नाही. असहमत होण्याचा अधिकार सर्वांना आहे; पान फाडण्याचा कोणालाही नाही.

हा मार्ग बाबासाहेबांचाच. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यांच्या अध्यक्षीय भाषणातील काही भाग खटकला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद भरलीच नाही. त्यांनी भाषण स्वतः छापले आणि दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या.

कोणी विचारील, मग १९२७ साली महाडला मनुस्मृती का जाळली? ती शासनाची बंदी नव्हती. तळ्याच्या पाण्यालाही ज्यांना शिवू दिले जात नव्हते, त्यांनी केलेला तो जाहीर धिक्कार होता. पुढे त्याच मनूची वचने उद्धृत करून बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांतून त्याचा समाचार घेतला. अमरावतीची होळीही आम्ही निषेध म्हणून सोडून दिली असती. आमचा आक्षेप त्या ज्वाळांना भिणाऱ्या सत्तेवर आहे.

आता स्वतःकडेही पाहू. १९९७ साली अरुण शौरी यांनी बाबासाहेबांविषयी विपर्यस्त ग्रंथ लिहिला, तेव्हा आमच्यातूनही बंदीचे स्वर उठले. २०१२ साली पाठ्यपुस्तकातील एका जुन्या व्यंगचित्रावरून पुण्यात प्राध्यापकांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. संताप आम्ही जाणतो. परंतु बंदीचे हत्यार आम्हीच सत्तेच्या हाती दिले, तर उद्या ते कोणावर चालेल, हे १९८८ ने दाखविलेले नाही काय?

आणि सर्वांत घातक बंदी आदेशावाचून येते. ग्रंथ छापायचाच नाही, म्हणजे झाले! बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडल्याची दखल २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली.

परदेशस्थ बंधू-भगिनींनो, आपल्या घरी बुद्धमूर्तीशेजारी चौथा खंड आहे काय? असल्यास मुलांनी तो उघडला आहे काय? तो मूळ इंग्रजीत आहे. मुलांना मराठी वाचता येत नाही, ही सबब येथे चालणार नाही. ज्या घरात ग्रंथ उघडलाच जात नाही, तेथे बंदी आधीच अमलात आलेली आहे. येत्या १४ एप्रिलला हारतुरे थोडे कमी करू आणि त्या परिशिष्टाचे जाहीर वाचन करू. ज्यांना ते पटणार नाही, त्यांनीही अवश्य यावे आणि उत्तर द्यावे.

जयभीम!