वेदनेचा सात-बारा



आपल्या बापजाद्यांच्या नावावर जमिनीचा सात-बारा कधी नव्हता. वेदनेचा मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच नावावर चालत आलाय. तिच्यावर आपण कविता लिहिल्या. मास्तरांनी 'वेदना, नकार, विद्रोह' असे तीन पाट मांडून दलित साहित्याला पंगतीत बसवलं. ठीक आहे. पण आज ज्या वेदनेबद्दल बोलतोय तिला कवितेचा काडीचा उपयोग नाही. कॅन्सर हाडात उतरला की माणसाला ओळ सुचत नाही. त्याला मॉर्फिनची गोळी लागते, दर चार तासांनी. आणि ती मिळत नाही.

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिक आहे, डॉक्टर नाही. जे बघितलं ते सांगतो. भूक मारायला गड्याच्या गालात तंबाखू-चुना, बायांच्या दाताला मशेरी. मग तोंडाचा कॅन्सर कुणाच्या दारात येणार? आणि आला तरी कळतो उशिरा. एक खाडा म्हणजे एक रोज बुडाला. म्हणून गालातला फोड सहा महिने गालातच राहतो.

आमच्या टोळीतले एक काका असेच गेले. ऑपरेशन झालं, शेक झाले, केमो झाली. वर्षभर त्यांची फाइल या खिडकीतून त्या खिडकीत फिरली आणि काका फाइलीमागनं फिरले. गाठ किती सेंटिमीटर, हे दरवेळी लिहिलं गेलं. दुखतं किती, झोप लागते का, घास उतरतो का, घरची चूल कशी पेटते, हे कुणी एकदाही विचारलं नाही. शेवटी एक डॉक्टर काकांकडे न बघता त्यांच्या पोराला म्हणाला, "आता करण्यासारखं काही नाही. घरी न्या."

काका बहिरे नव्हते.

त्यानंतर ते चार महिने जगले. दिवसा पॅरासिटामॉल, रात्री नवटाक. करण्यासारखं जे काही होतं ते त्या चार महिन्यांतच होतं!

ह्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. नाव जड, काम साधं. गाठ बरी होवो न होवो, माणसाचं दुखणं, उलटी, दम, जखमेची घाण, त्याची भीती आणि घराची फरफट हलकी करायची. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईनं १९६७ साली लंडनला त्यासाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. बाई आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. तिचं म्हणणं, शरीराचं, मनाचं, नात्यागोत्याचं, पैशाअडक्याचं मिळून एकच दुखणं असतं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे तर त्यात जातही मिसळलेली. १९८६ साली आपल्या वांद्र्यातच शांती आवेदना सदन निघालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं पायऱ्या छापून दिल्या: आधी साधी गोळी, मग जरा जड, मग मॉर्फिन. परळच्या टाटा इस्पितळात ह्या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे विद्या आहे, माणसं आहेत. मग घोडं अडलं कुठं?

मॉर्फिन अफूपासून होतं. अफू आपल्याच देशात पिकते. मंदसौर, नीमच, चितोडगडच्या शेतात सरकारी परवान्यानं. गाझीपूर आणि नीमचला सरकारचे कारखाने आहेत. एकोणिसाव्या शतकात ह्याच माळव्याची अफू ह्याच मुंबई बंदरातून चीनला गेली. त्या पेट्या काय शेठजींनी पाठीवर वाहिल्या? शेठजी 'सर' झाले. ज्या जमशेटजी जीजीभॉयनी त्या व्यापारात अफाट कमावलं, त्यांच्या देणगीतून १८४५ साली जे. जे. इस्पितळ उघडलं. अफूच्या पैशातून इस्पितळ उभं राहिलं, पण अफूपासून झालेली गोळी अजून वस्तीपर्यंत चालत आली नाही.

१९८५ साली नार्कोटिक्सचा कायदा आला. गर्दुल्ल्यासाठी टाकलेल्या जाळ्यात कॅन्सरचा पेशंट अडकला. परवान्यावर परवाने. दुकानदारानं गोळी ठेवणं सोडलं, डॉक्टर ती लिहायला विसरला. २०१४ साली कायदा बदलला, मॉर्फिन अत्यावश्यक ठरलं, परवान्यांची भानगड कमी झाली. पण कागद सुधारला म्हणून तालुक्याच्या कपाटात गोळी येत नाही. वर शहाणपण ऐकवतात, 'सवय लागेल.' च्यायला, मरणाच्या दारातल्या माणसाला सवय लागेल? जाणकार डॉक्टरनं दुखण्याच्या मापानं दिली, सोबत पोट साफ व्हायचं औषध दिलं, तर माणूस शुद्धीत राहतो, जेवतो, नातवाशी बोलतो. वस्तीच्या तोंडाशी दारूच्या गुत्त्याला परवाना देताना आमच्या सवयीची काळजी कुणाला वाटली होती?

आता आपल्यातलेच काही म्हणतील, ही गरिबाला स्वस्तात मारायची युक्ती आहे. श्रीमंताला महागडी केमो, आपल्याला गुपचूप मरायची गोळी. शंका फालतू नाही. आपल्याला उरलंसुरलं देऊन 'दया' म्हणायची ह्या देशाची जुनी खोड आहे. म्हणून मी 'ऐवजी' म्हणतच नाही, 'सोबत' म्हणतो. रोग कळला त्या दिवसापासून सोबत. अमेरिकेत बोस्टनला फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ पेशंटांवर झालेला अभ्यास २०१० साली छापून आला. काहींना नुसता नेहमीचा उपचार, काहींना त्याच्यासोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातली माणसं कमी खचली. शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर औषधांचा मारा कमी झाला, तरी ती जास्त जगली. ८.९ महिन्यांच्या जागी ११.६. दुखणं थांबलं की माणूस उपचारही सोसतो, आणि नको तिथं 'नको' म्हणायचं बळही त्याच्यात येतं.

आणि हे फक्त गोऱ्यांच्या देशातच होतं असंही नाही. केरळात कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ साली काम सुरू केलं. शेजारपाजारची साधी माणसं शिकून उभी राहिली. २००८ साली राज्यानं धोरण केलं. तिथं पंचायतीच्या मदतीनं नर्स पेशंटच्या घरी जाते. केरळ काय चंद्रावर आहे?

सरकारला चार शिव्या देऊन लेख संपवता आला असता. पण आपल्या घराचं काय? तोंडाची जखम फुटते, वास सुटतो. मग पेशंटचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण मोरीजवळ. लेकरांना जवळ जाऊ देत नाहीत. कॅन्सर शिवल्यानं होत नाही, तरी शिवत नाहीत! ज्यांच्या आज्याला पाणी वरून ओतलं गेलं, त्यांच्याच खोलीत हा नवा अस्पृश्य. वर शेजारीण म्हणते, मागच्या जन्माचा भोग. धम्म घेतला, दीक्षाभूमीची माती कपाळाला लावली, आणि भोग शिल्लकच? जुलाबानं स्वतःच्या घाणीत पडलेल्या, सगळ्यांनी टाकलेल्या भिक्खूला तथागतानं आनंदासोबत स्वतःच्या हातानं धुतलं होतं. आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असं संघाला बजावलं होतं. ती गोष्ट काय नुसती विहारात ऐकायला आहे?

एका नर्सताईनं मला सांगितलं, मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून भुकटी जखमेवर टाकली की वास मरतो. थोड्या पैशाच्या गोळीनं माणूस परत माणसांत येतो. हे काकांच्या घरात कुणी सांगायला नको होतं?

तर आपण मागायचं ते हे:

१. केसपेपरवर ताप, बीपी लिहितात तसं पेशंटचं दुखणं दरवेळी विचारून लिहा.

२. प्रत्येक जिल्हा इस्पितळात मॉर्फिनची गोळी आणि ती द्यायला शिकलेला डॉक्टर हजर पाहिजे.

३. पेशंटशी त्याच्या बोलीत, त्याच्या तोंडाकडे बघून बोला. त्याला काय पाहिजे ते आधी त्याला विचारा.

४. घरी जाणाऱ्या नर्सची पगारी जागा भरा. सेवाभाव म्हणून आशाताईच्या डोक्यावर फुकट बोजा नको.

५. पेशंटजवळ बसणाऱ्याचा बुडालेला रोज भरून द्या.

मोर्चा ह्यावर काढायचा. आणि मोर्चा निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. येत्या चौदा एप्रिलला डीजेच्या चार भिंती कमी लावा. त्या वर्गणीतून प्रत्येक वस्तीतली दोन पोरं, दोन पोरी ड्रेसिंग शिकायला पाठवा. बाबासाहेबांचं नाव आपल्या गळ्यात आहे तसं हातातही दिसू द्या.

जयभीम.