वायूला आधी वाट द्या

माझदा आरएक्स-७ ची तिसरी पिढी, चाहत्यांच्या भाषेत ‘एफडी’, जपानमध्ये १९९१ साली आली आणि २००२ पर्यंत बनत राहिली. आज ती जुनी झाली असली तरी तिचे वेडे जगभर आहेत. गाडी हाती आली की त्यांच्यातले अनेक जण आधी एक्झॉस्टला हात घालतात. अरुंद डाउनपाइप काढून रुंद बसवतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जागी सरळ पाइप घालतात, सायलेन्सर मोकळा करतात. गाडी चटकन उठू लागते, आवाज भरदार होतो. मग एखाद्या गार सकाळी ट्रॅकवर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो आणि बूस्टचा, म्हणजे टर्बोने दिलेल्या दाबाचा, काटा कंपनीने ठरवलेल्या १० पीएसआयवर थांबत नाही. इंजिनाचे फेरे वाढतात तसा तो ११, १२, १३ असा वर चढत राहतो.

अशा वेळी मालक बूस्ट कंट्रोलर विकत आणतो, तोही महागातला. माझे स्पष्ट मत आहे की हा पैसा चुकीच्या जागी जातो. या दुखण्यावर कोणतेही इलेक्ट्रॉनिक यंत्र चालत नाही, कारण दुखणे नियंत्रणाचे नसून वाटेचे आहे.

टर्बोचे चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात ढकलते. इंजिनात जास्त हवा गेली की वायूही जास्त निघतो, तो चाक आणखी जोरात फिरवतो आणि दाब आणखी वाढतो. हे चक्र तोडण्यासाठी वेस्टगेट असते. ठरलेला दाब आला की एक झडप उघडते आणि जादा वायू टर्बोच्या चाकाला बगल देऊन थेट एक्झॉस्टमध्ये जातो. धरणाच्या सांडव्याचे काम ते हेच. सगळे दरवाजे पूर्ण उघडूनही सांडव्यातून जाते त्यापेक्षा जास्त पाणी येत असेल, तर धरणाची पातळी चढतच राहणार.

मोकळ्या एक्झॉस्टने नेमके हेच होते. टर्बोच्या पुढचा अडथळा गेला की चाकाच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो आणि तेवढाच वायू चाकाकडून जास्त काम करून घेतो. वेस्टगेटचे भोक मात्र कंपनीने मूळ एक्झॉस्टच्या हिशेबाने ठेवलेले असते. झडप पूर्ण उघडी असते, तरीही पुरेसा वायू बाजूने जात नाही. कंट्रोलर फार तर झडप उघडण्याचा हुकूम देऊ शकतो. आधीच सताड उघडलेल्या झडपेला तो आणखी काय सांगणार?

जादा बूस्टची तीन दुखणी आहेत आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. दाब क्षणभर उसळून लगेच ठरल्या जागी बसत असेल, तर कंट्रोलरची मांडणी किंवा झडपेचा वेग तपासावा. दाब थेट वर जाऊन थांबतच नसेल, तर झडप उघडणाऱ्या ॲक्च्युएटरची नळी निसटली आहे किंवा झडप अडकली आहे. गाडी तिथेच थांबवावी. दाब फेऱ्यांबरोबर हळूहळू चढत असेल तर वेस्टगेट अपुरे आहे. खात्री करण्याची रीत सोपी आहे. कंट्रोलर पूर्ण बाजूला काढा, ॲक्च्युएटरची नळी थेट टर्बोच्या दाबाला जोडा आणि ट्रॅकवर किंवा डायनोवर वरच्या गिअरमध्ये दाबाची नोंद घ्या. ॲक्च्युएटरच्या स्प्रिंगच्या दाबावर काटा स्थिर राहिला तर दोष कंट्रोलरकडे आहे. तरीही चढत गेला तर कंट्रोलर निर्दोष आहे.

एफडीत आणखी एक गुंतागुंत आहे. तिचे दोन टर्बो एकापाठोपाठ कामाला लागतात. पहिला १० पीएसआय देतो, साधारण ४५०० फेऱ्यांना दुसरा येताना दाब ८ पर्यंत उतरतो आणि पुन्हा १० वर येतो. ही अदलाबदल व्हॅक्यूमच्या नळ्यांच्या मोठ्या जंजाळावर चालते. इंजिनाच्या उष्णतेने त्या नळ्या वर्षानुवर्षे भाजून कडक होतात, तडकतात. काही नळ्यांत हवेचा प्रवाह मोजून जाऊ देणारी बारीक भोकाची गुटी असते. नवी सिलिकॉनची नळी घालताना ती जुन्या नळीबरोबर कचऱ्यात गेली की बूस्टचा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून नळ्या तपासल्याशिवाय पुढचा खर्च करू नये.

आता सगळ्यात घातक चुकीबद्दल. बूस्ट मर्यादेबाहेर गेला की गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, इंधन तोडतो. गाडीला जोरदार हिसका बसतो, चालकाची मजा जाते. हा हिसका टाळण्यासाठी बाजारात एक छोटा डबा मिळतो. तो सेन्सरचा संदेश मर्यादेच्या आतच अडवून धरतो, त्यामुळे ईसीयूला दाब वाढल्याचे कळतच नाही. कळत नाही म्हणून तो इंधनही वाढवत नाही. हवा जास्त आणि इंधन तेवढेच, म्हणजे मिश्रण पातळ. पातळ मिश्रण आणि चढा दाब एकत्र आले की स्फोटक ज्वलन, म्हणजे डेटोनेशन, फार लांब नसते.

एफडीच्या रोटरी इंजिनात याची किंमत फार मोठी आहे. १३०८ सीसीच्या त्या इंजिनात दोन रोटर असतात आणि प्रत्येक रोटरच्या तीन टोकांवर धातूची एकेक पट्टी, म्हणजे एपेक्स सील. डेटोनेशनचा धक्का थेट या पट्ट्यांवर बसतो. एक पट्टी तुटली की त्या रोटरचे कॉम्प्रेशन जाते. तुकडा बाहेर पडताना रोटरच्या घराची भिंत खरवडतो आणि टर्बोच्या चाकावर आदळतो. इंजिन आणि टर्बो दोन्ही एका झटक्यात खर्ची पडतात. ज्या हिसक्याचा राग आला होता, तो हिसका हे सगळे वाचवण्यासाठीच होता.

मग करायचे काय? वेस्टगेटचे भोक मोठे करून घ्यावे, त्याला साजेशी मोठी झडप बसवावी, आणि ती पूर्ण उघडताना कुठे घासत नाही हे पाहावे. एकच मोठा टर्बो बसवला असेल तर बाहेरचे वेस्टगेट वापरावे, आणि त्याचा फाटा सगळे वायू एकत्र येतात तिथून, प्रवाहाच्या दिशेने काढावा. काटकोनात चिकटवलेल्या फाट्याकडे वायू वळतच नाही. इथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: बूस्ट जितका कमी ठेवायचा, तितके वेस्टगेट मोठे लागते, कारण तितका जास्त वायू बाजूने काढावा लागतो. यातले काहीच जमत नसेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर परत बसवावा. त्यात कमीपणा नाही. बूस्ट आटोक्यात येतो आणि धूरही कमी होतो.

ज्यांनी हे तंत्र घडवले त्यांनाही हेच उमगले होते. स्वीडनच्या साबने १९७७ साली ९९ टर्बो दाखवली, तेव्हा वेस्टगेटच्या जोरावर कमी फेऱ्यांनाच बूस्ट देऊन तो पुढे आवरता येतो हे सिद्ध केले. पुढे पेर गिलब्रँड या अभियंत्याच्या एपीसी प्रणालीने इंजिनातली डेटोनेशनची ठोक ऐकून बूस्ट आपोआप उतरवायला सुरुवात केली. फॉर्म्युला वनमध्ये टर्बोची ताकद हाताबाहेर गेली तेव्हा नियमकर्त्यांनी १९८७ साली ४ बारची आणि १९८८ साली २.५ बारची मर्यादा घालून पॉप-ऑफ झडप सक्तीची केली. त्या १९८८ च्या हंगामात मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. बांधलेल्या दाबातून सर्वोत्तम काम काढणारेच श्रेष्ठ ठरले.

आपल्याकडे एफडी दुर्मीळ आहे, पण टर्बो पेट्रोल गाड्या आता पुण्या-मुंबईच्या प्रत्येक रस्त्यावर आहेत. त्यांना रीमॅप करणे आणि डाउनपाइप बदलणे अनेक तरुणांना किरकोळ वाटते. ते किरकोळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा बजावले आहे. अशी गाडी रस्त्यावर आणली तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. हा छंद ट्रॅकसाठी आहे, आणि ट्रॅकवरही तो शिस्तीनेच करावा.

तरुण वाचकांना माझी विनंती आहे. गाडीची ताकद वाढवण्याआधी बूस्टचा आणि हवा-इंधनाच्या प्रमाणाचा भरवशाचा मीटर बसवा. ट्यूनर निवडताना तो किती घोडे वाढवून देईल हे विचारण्याआधी, जादा बूस्ट कसा रोखेल हे विचारा. त्याचे उत्तर मोघम असेल तर गाडी त्याच्या हाती देऊ नका. आणि इंधन तोडणारी ती सुरक्षा, कोणी कितीही आग्रह केला तरी, कधीही बंद करू नका.