पादचाऱ्याची वहिवाट

पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले, आणि त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याच्या कडेने रुंद पदपथ, बसावयास बाके व जुन्या वृक्षांची सावली यांचा जो सुबक मेळ घालण्यास आरंभ झाला, त्यावरून निदान एवढे सिद्ध झाले की, मनात आणले तर महापालिकेस चालणाऱ्या माणसाचा विचार करता येतो. १९७६ साली बांधलेला हा रस्ता तोवर खड्डे पडत नाहीत म्हणूनच वाखाणला जाई. चाकांची सोय झाली की रस्ता उत्तम, अशी आपली कसोटी होती.

परंतु तेथून एखाद्या आडरस्त्याला वळावे, तो पदपथ सोसायटीच्या फाटकापाशी उतरतो, पुन्हा चढतो, विजेच्या डीपीपाशी अडतो आणि उभ्या दुचाक्यांच्या रांगेत गडप होतो. चालण्यास किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी व पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असा भारतीय रस्ते काँग्रेसचा दंडक असताही, म्हाताऱ्या माणसास चढवणार नाही असा उंच ओटा बांधला जातो आणि त्याचे बिल बिनबोभाट मंजूर होते. मग गुडघे धरलेली आजी मुकाट्याने डांबरावरून चालू लागते. देशात २०२२ साली रस्त्यांवर प्राणास मुकलेल्या १,६८,४९१ जणांत ३२,८२५ पादचारी होते. त्यांच्या पंचनाम्यांत वाहनचालकाचे नाव येते, पदपथ बांधणाऱ्या खात्याचे क्वचितच.

फेरीवाल्यांकडे बोट दाखविणे सोपे आहे. त्यांच्यासाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा तरी आहे. पदपथावर मोटार चढविणाऱ्या सद्गृहस्थास मात्र अतिक्रमणवाला म्हणण्याची आपली जीभ रेटत नाही.

विहित मानके न पाळता रस्ता आखल्यामुळे, बांधल्यामुळे वा त्याची देखभाल न केल्यामुळे मृत्यू ओढवल्यास जबाबदार यंत्रणेस वा ठेकेदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने झाली. रक्कम मामुली, तत्त्व मोलाचे. पण जबाबदार कोण हेच दप्तरी नोंदलेले नसेल तर दंड करावयाचा कुणास? म्हणून प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात पदपथांची नोंदवही असावी, कोणता तुकडा कोणत्या अभियंत्याच्या हवाली आहे हे तीत लिहावे, त्याने तो सलग चालून पाहिल्यावाचून ठेकेदाराचे बिल चुकते करू नये, आणि अपघात घडल्यास पोलिसांच्या बरोबरीने त्यानेही जागेची पाहणी करून लेखी अहवाल द्यावा. यास नवा निधी लागत नाही. लागते ती सही करण्याची तयारी, आणि सरकारी कचेरीत तीच दुर्मिळ.

११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांस बंद करून पादचारी दिन साजरा होतो, त्यास माझी हरकत नाही. उत्सवाची आम्हां पुणेकरांस उपजतच हौस. फक्त त्या दिवशी रांगोळ्यांशेजारी एक मेज मांडून या नोंदवह्या नागरिकांस पाहावयास ठेवाव्यात.