गाठियाचं पुण्य



मागच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला. रविवारी सकाळी साडेसहाला वाशीच्या सागर विहारला जमायचं, प्रत्येकीने अर्धा किलो शेव-गाठिया आणायचे आणि पक्ष्यांना आहारदान करायचं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी लिहिलं, "मी येणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नये असं मला वाटतं." त्यावर जे काय आलं, त्याचं उत्तर दोन ओळींत देता येईना, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी माझं सांगते. सासऱ्यांच्या पुण्यतिथीला तीन वर्षं आम्ही हेच केलं आहे. पांढरेशुभ्र पक्षी डोक्यावर घिरट्या घालतात, फेकलेली शेव हवेतल्या हवेत झेलतात, मुलं टाळ्या पिटतात. मन भरून येतं. पण मन आपलं भरतं. पक्ष्याचं काय होतं, ते तेव्हा मी पाहिलंच नव्हतं.

आपण ज्यांना सीगल म्हणतो ते कुरव. थंडी लागली की हजारो किलोमीटर उडून आपल्या खाडीवर येतात. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांवर घरटी करतात. मासे, किडे, अळ्या, चिखलातले बारीक जीव हे त्यांचं अन्न. मार्च-एप्रिलमध्ये तोच प्रवास उलट करायचा असतो, त्यासाठी अंगात बळ साठवायचं असतं. आणि आपण त्यांना काय देतो, तर बेसन, मीठ, सोडा आणि कितव्यांदा तापवलेलं कोण जाणे असं तेल.

"पण ते आवडीने खातात ना!" खातात. माझा मुलगाही जेवण सोडून चिप्स आवडीने खातो.

दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशीच्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी दानाचं फळ कशाकशाने बदलतं ते सांगितलं आहे: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. मुनी महाराजांचा आहार असला की आपण ओल्या सोवळ्यात चौक्यात उभ्या राहतो. पाणी गाळून उकळलेलं, पीठ मर्यादेतलं. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. घेणाऱ्याच्या देहाला काय चालेल याचा आधी विचार. बाजारचं फरसाण आपण चौक्याच्या दारातही येऊ देणार नाही. मग पक्षी तिर्यंच आहे, त्याचं करुणादान आहे, म्हणून द्रव्य कसलंही चालतं का? विधी म्हणावा तर फलाटावर सांडलेल्या गाठियांना मुंग्या लागतात आणि त्यांच्यावरून आपलेच पाय फिरतात. यत्नाचार कुठे गेला? रिकाम्या पिशव्या खाडीत. आणि दात्याबद्दल बोलायचं, तर एका हातात शेव आणि दुसऱ्या हातात रील काढायला मोबाइल. मीही काढले आहेत.

मंडळातल्या एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "अगं, अन्नपाननिरोध हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे. मुक्या जिवाचा घास अडवू नये." काकूंचा अभ्यास माझ्याहून मोठा, पण इथे मला पटलं नाही. तो अतिचार आपण दावणीला बांधलेल्या जनावरासाठी आहे, आपल्यावाचून ज्याला चारा मिळणार नाही अशासाठी. खाडीवरच्या कुरवाला आपण बांधलेलं नाही. उलट रोज ठरलेल्या वेळी होडीमागे यायची सवय लावून आपणच त्याला बांधतो आहोत. आणि बंध हाही त्याच यादीतला अतिचार आहे.

दुसरं उत्तर आलं, "त्याने शेव खाल्ली तेवढे मासे तरी वाचले." हे मला सगळ्यात जास्त खटकलं. भगवान महावीरांच्या पूर्वभवातल्या सिंहाने हिंसा सोडली खरी, पण त्याला दोन चारण मुनींनी उपदेश केला होता, कोणी गाठिया टाकले नव्हते. आपलं व्रत आपण पाळायचं. दुसऱ्या जिवाच्या पोटात ते तळून भरायचं नसतं.

इंग्लंडातही तळ्यातल्या बदकांना पाव घालू नका अशा मोहिमा चालतात. तिथे हंसांना थंडीत पाव मिळाला तर बिघडत नाही, असंही म्हणणारे जाणकार आहेत. असोत. तळलेल्या खारट फरसाणाची बाजू घेणारा पक्ष्यांचा जाणकार मला अजून भेटलेला नाही.

आता अवघड गोष्ट. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद झाला, ऑगस्टमध्ये आपल्याच लोकांनी तिथली ताडपत्री फाडली. तेव्हापासून पक्ष्यांना घालू नका म्हणणारा तो धर्माचा वैरी, असं होऊन बसलं आहे. मलाही ग्रुपवर कोणीतरी "आजकालच्या शिकलेल्या" म्हणालं. पण आपल्या धर्मातली जीवदया एवढी स्वस्त कधीच नव्हती. मुंबईची पांजरपोळ १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि आपले मोतीशा शेठ यांनी उभी केली. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर लाल मंदिरात पक्ष्यांचं इस्पितळ आहे. तिथे जखमी पक्षी बरा होतो आणि आकाशात सोडला जातो. त्याला औषध लागतं, पट्टी बांधणारे हात लागतात, महिनोन्‌महिने पैसा लागतो. अर्धा किलो शेवेत ते होत नाही.

आणि आपल्या दारातलंच बघा. एप्रिल २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तळ्यावर फ्लेमिंगो मेले. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या होत्या, तळं सुकत होतं. पक्ष्याचं ताट म्हणजे तो चिखल, तेच आपण काढून घेत होतो. लोकांनी तिथे जाऊन आंदोलन केलं. आपल्या मंडळातून कोणी गेलं नाही. मीही नाही, त्या दिवशी घरी पाहुणे होते. अन्नपाननिरोध म्हणायचा तर तो हा.

रविवारच्या अर्ध्या किलोचे पैसे मला द्या असं मी ग्रुपवर लिहिलं आहे. संक्रांतीला मांजाने कापलेले पक्षी येतील, तेव्हा उपचारांना लागतील. आतापर्यंत चौघींनी दिले. काकूंनीही दिले, "पण मी वाशीलाही जाणार" असं सांगून.

मी रविवारी नेरूळच्या तळ्यावर जाणार आहे. खाडीत भरती आली की पक्षी तळ्याकडे सरकतात, म्हणून वेळ बघून कळवते. ज्यांना यायचं त्यांनी रिकाम्या हाताने यावं, दुर्बीण असेल तर आणावी.