भिंगाचा गुण आणि चौकटीचा आकार

आमच्या वासण्यातील मराठी घरांतून पणजोबांच्या काळची समूहछायाचित्रे अद्याप जपलेली आढळतात. त्यांतील पागोट्यांच्या घड्या व लुगड्यांचे काठ पाहून वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘जुनी भिंगेच उत्तम!’ तरुण मंडळी म्हणतात, ‘मोबाईलवर उतरवून घेतले, आता मूळ कशाला?’ आमच्या मते दोन्ही पक्षांना एका गोष्टीचा विसर पडतो. चौकटीचा आकार विचारल्यावाचून भिंगाची पारख होत नाही.

जुन्या कॅमेऱ्यातील पूर्ण आकाराची काच साडेआठ इंच लांब, म्हणजे सुमारे २१६ मि.मी. असे. ती कागदाला भिडवून तेवढेच चित्र छापीत. वाचनाच्या अंतरावरून डोळ्याला एका मिलिमीटरमध्ये काळ्या-पांढऱ्या रेषांच्या सुमारे ५ जोड्या ओळखता येतात. तेवढ्या उमटविणारे साधे भिंगही तेथे पुरे पडे. ३६ मि.मी. लांबीच्या फिल्मवरून तेच चित्र करावयाचे तर ते सहापट वाढवावे लागते, म्हणून भिंगाने ३० जोड्या दाखविल्या पाहिजेत. काही मोबाईलमधील सेन्सर अवघा ६ मि.मी. रुंद असतो, तेथे १८० जोड्या हव्यात! तेव्हा मोबाईलचे चिमुकले भिंग निकृष्ट नव्हे. त्याच्यावरील भारच मोठा आहे.

चित्र किती वाढविले आणि किती अंतरावरून पाहिले, यावर सारे अवलंबून असते. आमच्या वडोदऱ्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्या फिल्मची चौकट सुमारे २४ मि.मी. रुंद व १८ मि.मी. उंच होती. तरीही ते चित्र भल्या मोठ्या पडद्यावर शोभले, कारण प्रेक्षक दूर बसत.

कुटुंबातील छायाचित्र मात्र आपण हातात घेऊन, आजीचा चेहरा शोधीत पाहतो. मूळ चित्रातील १० मि.मी.चा चेहरा त्या लहान सेन्सरवर पाव मिलिमीटरहून थोडाच मोठा पडतो. एवढ्याशा जागेत डोळ्यांतील भाव कोठून मावणार?

म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींना आमचे सांगणे एवढेच: मोबाईलवर प्रत अवश्य घ्यावी, दूरच्या आप्तांस धाडावी, परंतु मूळ चित्र व काच कोरड्या जागी जपून ठेवावी. एकदा टाकून दिलेले बारकावे कोणतेही भिंग परत आणू शकत नाही.