कातळाच्या वाटेनं समुद्राकडे

सोलापुरातून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा निघालेला राष्ट्रीय महामार्ग १६६ थेट रत्नागिरीत उतरतो. अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. दिवाळीची सुट्टी लागली की या रस्त्यावर ‘एमएच १३’ पाटीच्या गाड्या दिसू लागतात. डिकीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे, मनात ठरलेली नावं: गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली. दर्शन, वाळू, मासळीचं ताट आणि परत. एवढ्या लांब जाऊन किनारा इतका थोडा पाहिला जातो, याची हळहळ वाटते. सोलापूरकराला या किनाऱ्याशी जोडणारं खूप काही वाटेवरच पडलेलं आहे, आणि त्याची सुरुवात दगडापासून होते.

सोलापूरच्या शेतातली काळी माती बेसाल्टची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाची. कोकणाच्या पायाशीही तोच खडक आहे. फरक केला पावसानं. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, रत्नागिरीत तीन हजारांच्या पुढे. तिकडच्या धो-धो पावसानं लाखो वर्षं खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरलं, आणि काळ्या बेसाल्टचा तांबडा, सच्छिद्र जांभा झाला. आंबा घाटात गाडी थांबवली तर पावसाच्या पाण्याची वाटणी डोळ्यांनी दिसते. घाटमाथ्यावर पूर्वेला पडलेलं पाणी कडवी नदीतून वारणेला, तिथून कृष्णेला मिळतं आणि पुढे कर्नाटकात पंढरपूरहून आलेल्या भीमेच्या पाण्याला भेटतं. पश्चिमेला पडलेलं काजळी नदीतून काही तासांतच रत्नागिरीजवळ समुद्राला जातं. घाटात पाच मिनिटं उतरायलाच हवं.

घाट उतरून रत्नागिरीहून दक्षिणेला राजापूरकडे वळलं की सडे सुरू होतात. सडा म्हणजे जांभ्याची उघडी, सपाट, मैलोन्‌मैल पसरलेली पाठ. पावसाळा सरला की तो उजाड दिसतो, म्हणून प्रवासी काच खाली न करता पुढे निघून जातो. त्याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी जमिनीवरच चित्रं कोरून ठेवली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती गावोगाव गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत हिंडले, तेव्हा ही कातळशिल्पं जगासमोर आली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. त्याच्या अंगात आणि आजूबाजूला मासे, पक्षी, जनावरं कोरलेली आहेत. कुठे गेंडाही दिसतो, आणि गेंडा आज कोकणात नाही. देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्र नीट दिशा दाखवत नाही.

२०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत यातली नऊ ठिकाणं गेली: आठ महाराष्ट्रातली, एक गोव्यातलं. अंतिम मान्यता मिळायची तेव्हा मिळेल. तोवर चिरेखाणीच्या यंत्रापासून आणि चित्रांवर उभं राहून फोटो काढणाऱ्या पायांपासून ही शिल्पं वाचायला हवीत. चपला काढून, कडेकडेनं फिरून पाहिली तरी ती पुरेपूर दिसतात.

कशेळीला कनकादित्याचं, म्हणजे सूर्याचं देऊळ आहे, आणि गावाच्या पश्चिमेला देवघळीचा कडा. इथे सडा एकाएकी तुटतो आणि खाली समुद्र कातळावर आपटत राहतो. जमिनीला अंत असतो, हे पठारावर वाढलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा कळतं. कड्याच्या काठावर पावसाळ्यात किंवा जोराच्या वाऱ्यात जाऊ नये. जांभा ठिसूळ होतो आणि लाट किती वर येईल याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही.

याच गावाशी शिलाहार राजा भोज दुसरा याचा ताम्रपट जोडलेला आहे, बाराव्या शतकाच्या अखेरचा. भोजाचा पन्हाळा सोलापूरच्या याच रस्त्यावर, कोल्हापूरजवळ. विजयदुर्ग बांधल्याचं श्रेयही परंपरेनं भोजालाच दिलं जातं. घाटावरच्या राजाला बंदरं का हवी होती, हे पन्हाळ्यावरून निघून विजयदुर्गाला पोचणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. २०२५च्या जुलैत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही आहेत. सोलापूरकराच्या एका सहलीत ते आरामात बसतात.

त्यातला विजयदुर्ग सगळ्यांत कमी पाहिला जातो, आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच द्यावा. वाघोटण खाडीच्या तोंडाशी, तीन बाजूंनी पाणी असलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ते मुख्य ठाणं झालं. किल्ल्यापासून काही अंतरावर समुद्राच्या पाण्याखाली एक भिंत आहे. तिच्यावर आपटून शत्रूची गलबतं फुटत, अशी तिची ख्याती. १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या इंग्रजी आरमारानं तोफा डागल्या, तुळाजी आंग्र्यांची गलबतं जळाली आणि किल्ला पडला. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. मराठ्यांचं सर्वांत ताकदवान आरमार असं संपलं, ही गोष्ट तटावर उभं राहून ऐकताना आजही मन खिन्न होतं.

किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, त्यांच्याशी एका ग्रहणाची गोष्ट जोडलेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ला इथे खग्रास सूर्यग्रहण दिसलं आणि हेलियमचा शोध इथेच लागला, असं सांगितलं जातं. शोधाचं श्रेय इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरला देतात, पण तो त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. त्यानं ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणाविना, सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. ग्रहणात महत्त्वाचं निरीक्षण करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. म्हणून विजयदुर्गाचं मोल कमी होत नाही. ग्रहणाची सावली या किनाऱ्यावरून पठारावर चढली आणि जमखंडी, विजापूरवरून पूर्वेला गेली. जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल आणि विजापूरला कॅप्टन हेग दुर्बिणी लावून बसले होते. विजापूर सोलापूरहून शंभर किलोमीटरवर. ढगांनी दोघांनाही छळलं, पण ज्वाळांतल्या तेजस्वी रेषा हर्शेलनं टिपल्या. आपल्या दाराशी घडलेली ही हकीकत सोलापूरच्या शाळांतून सांगितली जायला हवी.

सिंधुदुर्गाबद्दल बहुतेकांना ठाऊक असतं. २५ नोव्हेंबर १६६४ला मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशी पूजन झालं, आणि कुरटे बेटावर अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला उभा राहिला. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. टँकरची वाट पाहिलेल्या जिल्ह्यातल्या माणसानं या विहिरींपाशी थोडं जास्त थांबावं. जागा निवडतानाच पाण्याचा विचार किती पक्का झाला होता, ते तिथे दिसतं.

किनाऱ्यावर फिरायचं तर भरती-ओहोटी समजायला हवी. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. वारीच्या जिल्ह्यात एकादशी कधी हे कुणाला विचारावं लागत नाही. हेदवीच्या बामणघळीत उसळणारं पाणी पाहायचं तर भरती गाठावी, खडकांतले जीव पाहायचे तर ओहोटी.

सोलापुरातल्या शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि एसटी त्यांना निम्म्या भाड्यात गाडी देते. तेव्हा सड्यावरचं गवत वाळून कातळशिल्पं स्पष्ट झालेली असतात, आणि पावसाळ्यात बंद असलेली मालवणची किल्ल्याकडची होडीही सुरू असते. मुख्याध्यापकांनी यंदाच्या यादीत विजयदुर्ग आणि कशेळी ही दोन नावं घालावीत. भूगोलाच्या गुरुजींनी आंबा घाटात गाडी थांबवायला सांगावं आणि मुलांच्या एका हातात काळा दगड, दुसऱ्या हातात तांबडा द्यावा.